सुभेदारांनी विचारलेलं

आमच्या गल्लीतले रिटायर्ड सुभेदार फोन करून कुणाकडं जात नाहीत. दार वाजवतात आणि "चहा टाका की वैनी" म्हणत थेट आत येतात. फौजेतून परतलेला कुणी गप्प राहू लागला, की त्याच्याकडं त्यांच्या फेऱ्या वाढतात.

माझा धाकटा भाऊ फौज सोडून आला आणि हळूहळू खोलीबाहेर पडेनासा झाला. आम्ही त्याच्याशी हवापाण्याचंच बोलत राहिलो. सुभेदार मात्र एका सकाळी त्याच्या कॉटवर बसले आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारते झाले, "जीव द्यायचा इचार येतोय काय?"

भावानं मान खाली घातली. मग म्हणाला, "व्हय साहेब. येतोय."

"बोललास ते बरं केलंस. ऊठ, डॉक्टरकडं जाऊ. मी बाहेर बसतो."

ते खरंच बसले, प्रत्येक खेपेला. परत येताना गंगावेशीच्या चौकात त्याला म्हशीचं ताजं दूध पाजायचे, तो नको म्हणाला तरी.

परवा भाऊ आपणहून चपला घालताना दिसला. आईला म्हणाला, "सुभेदारास्नी ताप हाय. बघून येतो."

आई पेज करायला उठली.