ट्यूबलाइटखालचे साडूभाऊ

आयुष्यात कुणालाही, कशालाही 'नाही' न म्हणालेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझे मोठे साडू. यात स्वभावाचा भाग होताच, पण खरं कारण त्यांचे कान होते. खानदेशातून सुरतेत येऊन वीस वर्षं त्यांनी लिंबायतमध्ये पावरलूम चालवले, आणि त्या खडखडाटात ऐकू येणं कधी बंद झालं ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. कळलं असलं तरी कबूल करतील तर ते साडूभाऊ कसले. समोरच्याचे ओठ वाचायचे, नाही वाचता आले तर मान डोलवायची, एवढ्या भांडवलावर त्यांचा संसार सुरळीत चालला होता. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायची कुणाची टाप नव्हती.

आमच्या नाक्यावर हजिऱ्याकडच्या एका बाईंची पत्र्याच्या शेडमधली मासळीची खाणावळ होती. सुट्टीच्या दुपारी आम्ही दोघं तिथे जायचो. साडूभाऊंची जागा ठरलेली: भिंतीला पाठ, डोक्यावर ट्यूबलाइट, समोर मी. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी ते ट्यूब लावायला सांगत. मासळी खाताना बोलू नये, काटा घशात जातो, असा त्यांचा दंडक होता. बोंबलाचा काटा काय घशात जाणार, पण घास भरलेलं तोंड त्यांना वाचता येत नसे, म्हणून हा कायदा. उलट तीन टेबलं पलीकडे कोण कुणाच्या शेठला शिव्या घालतोय ते साडूभाऊ ओठांवरून वाचायचे, आणि मला इतक्या मोठ्या आवाजात सांगत की त्या माणसालाही कळायचं. बाई मात्र चुलीकडे तोंड करून विचारायच्या, आणि उत्तरासाठी वळल्या की हे मान डोलवून मोकळे. एकदा अशी सुरमईची चार ताटं आली. आपणच मागवली असं सांगत त्यांनी तीन संपवली आणि दोन दिवस ताकावर काढले. गल्लीच्या गणपती मंडळाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे याच टेबलावर, असंच आलं.

पुढे त्यांच्या मुलीसाठी, म्हणजे आमच्या अहिराणीत आंडेरसाठी, नवागामचं स्थळ आलं. मुलगी कॉलेजात शिकत होती. तिने बापाला समोर बसवून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं होतं की लग्न करीन, पण कॉलेज पूर्ण करू देणार असतील तरच. साडूभाऊंनी तिला शब्द दिला. इकडे आक्कांना, म्हणजे पावरलूमच्या वरताण आवाजाच्या माझ्या मेहुणीला, वेगळीच काळजी. बाप बहिरा म्हटल्यावर माणसं मुलीच्या कानांवरही शंका घेतील आणि स्थळ हातचं जाईल. म्हणून पहिली बोलणी साडूभाऊंच्या हक्काच्या ट्यूबखाली ठरली, आणि टेबलाखाली त्यांचा पाय दाबायचं काम माझ्याकडे आलं. एकदा दाबला तर हो, दोनदा तर नाही.

मुलाचे वडील आले आणि माझी नजर थेट त्यांच्या ओठांकडे गेली. गृहस्थांच्या मिशा एवढ्या दाट की खाली ओठ आहेत हे घास आत जाताना दिसायचं, तेवढ्यापुरतंच. गावकी, भाऊबंदकी, पाऊसपाणी यावर साडूभाऊंनी मान डोलवून निभावून नेलं. मग तोंडात बोंबील असतानाच पाहुण्यांनी विचारलं की लग्न ठरलं म्हणजे मुलीचं कॉलेज बंद करायचं ना. मी जिवाच्या आकांताने दोनदा पाय दाबला. तो पाय मुलाच्या वडिलांचा निघाला. मांजर असेल म्हणून ते टेबलाखाली वाकून बघू लागले.

ते वर आले तोवर साडूभाऊंनी माझा पडलेला चेहरा पाहिला होता. मान हलली नाही. त्यांनी ताट सरकवलं आणि अगदी हळू म्हणाले, "पाव्हना, माले आयकू येत नही. आंडेरना सवाल शे, अंदाजवर हा म्हनाव नही."

मग त्या भल्या माणसाने रुमालाने तोंड पुसलं, दोन बोटांनी मिशा वर धरल्या आणि प्रश्न पुन्हा, सावकाश विचारला. साडूभाऊंची मान आडवी हलताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. पाहुणे म्हणाले, घरी विचारून कळवतो, आणि त्यांनी बोंबलाचं आणखी एक ताट मागवलं, त्यावरून मला जरा धीर आला. पुढे लग्न झालं, आणि मुलगी सासरहून कॉलेजला जाऊन पदवीधरही झाली. पण तो दिवस म्हटला की मला आठवते ती परतीची रिक्षा.

लपवायचं काही उरलं नव्हतं म्हणून असेल, साडूभाऊ मोकळे होऊन बोलत होते. मुलगी आठवीत असेपर्यंतचा तिचा आवाज त्यांच्या ध्यानात होता, पुढचा नाही. मग त्यांनी विचारलं, "तिना आवाज आते कसा शे रे?"

आवाज कसा सांगायचा असतो ते मला कळेना. त्यांच्याकडे तोंड वळवून मी म्हणालो, अगदी आक्कांसारखा.

साडूभाऊ हसले.

"मंग तं माले आयकू येवाले पाहिजे व्हता," ते म्हणाले.