अक्का आणि टीव्हीतलं भूत

टीव्हीतलं भूत काय बोलतंय, हे न ऐकताच सांगणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती आमची अक्का. नात्याने आमची कुणी नव्हे. सोलापुरात आम्ही भाड्याने राहायचो त्या घराच्या मालकांची, अण्णांची, थोरली बहीण. लग्न झालं होतं, पण वर्षभरातच नवरा भिवंडीला गेला तो तिकडचाच झाला, आणि ही भावाकडे परत आली. तेलुगू घर, म्हणून ती सगळ्या गल्लीचीच अक्का. तिच्यापेक्षा वयाने मोठे म्हातारेसुद्धा तिला अक्काच म्हणायचे.

अण्णांचे यंत्रमाग घरातच होते. पुढच्या बाजूला टॉवेलांचे माग, मधे पत्र्याची भिंत, आणि भिंतीअलीकडच्या खोलीत अक्का कांड्या भरत बसायची. मागावर आडवा धागा नेणारा धोटा असतो, त्यात सुताची कांडी लागते. ती संपली की लगेच दुसरी हवी, नाहीतर माग उभा राहतो. म्हणजे अक्काला उठायची सोय नाही. टीव्ही त्याच खोलीत. शाळा सुटली की आम्ही पोरं तिथे जमायचो, कारण तेव्हा मुलांसाठीची भुताची मालिका लागायची. पण पलीकडे असा खडखडाट, की आवाज कितीही वाढवा, एक अक्षर कळेल तर शपथ. लाइट गेली की माग गप व्हायचे, पण मग टीव्हीही गपच. थोडक्यात, ती मालिका आम्ही वर्षानुवर्षं पाहिली आणि कधीच ऐकली नाही.

अक्काचं त्यावाचून अडलं नाही. हात कांड्यांवर, नजर टीव्हीवर, आणि खडखडाटाच्या वरताण आवाज काढून सगळ्यांचं बोलणं ती स्वतःच बोलायची. आम्ही तिच्या गुडघ्यांना चिकटून बसायचो. मालिकेत एका शाळेच्या प्रयोगशाळेत राहणारं मिशीवालं भूत होतं. ते धुरातून बाहेर यायचं आणि मुलं किंचाळत पळायची. अक्का म्हणायची, "बगा की, किती गरीब हाय बिचारं. बाहेरनं कडी लावलीय म्हणून सांगतंय. कुनीतरी काढा म्हणतंय. आन ही येडी पोरं पळायलीत."

आम्हाला भीती वाटायचीच, पण भुताची नव्हे, कडी कुणी काढतंय की नाही याची. अक्काच्या भुताला कायम बाहेर कामं असायची. कधी बहिणीच्या लग्नाला जायचं असायचं, कधी नुसतंच बाजारात भाजी बघायला, आणि एकदा तर संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसायला. पाळण्याच्या भागात तर आमच्यातल्या दोघी रडल्याच. पुढे शाळेत एका मुलीने मला सांगितलं, की ते भूत दुष्ट आहे आणि मुलांना खातं. मी तिची वेणी ओढली. घरी येऊन अक्काला सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "त्यांच्याकडं माग न्हाईत. त्यांना काय कळतंय?"

गल्लीच्या तोंडाशी बालवाडी होती. तिथल्या बाईंनी एकदा खिडकीतून हा सगळा प्रकार ऐकला आणि अक्काला मदतनीस म्हणून बोलावलं. सकाळी जायचं, पोरं सांभाळायची, गोष्टी सांगायच्या. अक्काने पेटीतली ठेवणीतली साडी काढली. तिला इतक्या खुशीत मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. अण्णा नाही म्हणाले नाहीत. "जा की, तुझी मर्जी," एवढंच म्हणाले. ती पहाटे उठून कांड्या भरून जायची, पण मागांचं पोट कुठे भरतंय, ती यायच्या आतच कांड्या संपायच्या. दुसरी बाई लावायला काय झालं होतं? पण घरची बहीण असताना पगारी बाई कशाला, असा तिथला कारभार. अण्णा मग उभ्या मागांसमोर हाताची घडी घालून बसायचे. ओरडणं नाही, शिवी नाही. जेवायचे मात्र नाहीत.

आठवडा व्हायच्या आत अक्का परत कांड्यांपाशी. माझा संताप संताप झाला. "तू गेलीस का नाही तरीपण?" मी तिला विचारलं.

"वरडला असता तर गेले असते, पोरी," ती म्हणाली. "वरडणाऱ्याला उत्तर देता येतंय. गप बसणाऱ्याला काय सांगू?"

त्या दिवशी मालिका लागली, पण भूत काही बोललं नाही. अक्का नुसती बघत होती. आम्हीही गप बसून धूर पाहिला.

आता मी पुण्यात असते. मध्यंतरी माझ्या लेकीने मोबाइलवर नेमकी तीच मालिका लावली, आणि त्या भुताचं बोलणं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ते आपलं "खाऊन टाकीन" एवढंच घोकत होतं आणि मागून हशा पिकत होता. लेक जांभया देत होती. मला मात्र भडभडून आलं. त्याच महिन्यात मी तिला घेऊन सोलापूर गाठलं. अक्काला सांगायचं होतं, की तुझंच भूत खरं, ते टीव्हीतलं अगदी टुकार.

गल्लीत शिरले, तर घर ओळखू येईना, कारण आवाजच नव्हता. माग भंगारात गेले होते. अक्काने माझ्या लेकीवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. मी मनात म्हटलं, सुटली बाई एकदाची. "मग आता बालवाडीत जातेस की नाही?" मी विचारलं. ती हसली. मी पुन्हा विचारलं. ती माझ्या ओठांकडे बघत होती, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"माग गेल्यावर बाई सोताहून आल्या होत्या बोलवायला," अक्का म्हणाली, पूर्वीसारखीच मोठ्याने. "गेले की मी. गोष्ट बी सांगितली. पोरं मधीच काय काय इचारत होती, मला काय बी ऐकू येईना. एक बारकं रडायलं होतं. त्याला शी लागली होती, मला कळलंच न्हाई. मग मीच म्हटलं, नको बाई."

मी खुणेनेच कानाच्या मशीनचं विचारलं.

"लावून बगितलं की. उपेग न्हाई." तिने कानावर हात ठेवला. "हितं माग चालू असतात. दिसभर. आदी वाटलं, येड लागलं काय मला. मग अण्णाला इचारलं."

अण्णा पलीकडच्या खुर्चीत बसले होते, हाताची घडी घालून, मागांच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून. आम्ही आल्याचं त्यांना अजून कळलंही नव्हतं.

"त्याचे बी चालूच हायत," अक्का म्हणाली.