डबलबेल मावशींची सहा सीटची गाडी

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली. त्या निवृत्त झाल्या, आवाज मात्र झाला नाही. बोलणं संपलं की त्या जवळच्या टेबलावर नाहीतर कठड्यावर दोनदा टकटक करत. म्हणजे गाडी सुटली, तुम्ही निघा. त्यावरून सगळे त्यांना डबलबेल मावशी म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती.

निवृत्तीनंतर सहा महिने त्यांनी घरच्यांना शिस्त लावली. शेवटी जावई काकुळतीला आला. "आई, तुम्ही एखादा छंद लावून घ्या ना."

मावशींनी लावून घेतला. बाजारातून पाटाएवढं सोलर पॅनल, एक छोटी बॅटरी आणि सहा भोकांचा चार्जर आणला, माहितीपत्रक पेन्सिलीने खुणा करत दोनदा वाचलं आणि सगळं गच्चीवर मांडलं. जावई कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर. तो हसला. "आई, यावर फार तर खेळण्यातली गाडी चालेल."

"चालू दे. तुम्ही बसा तिच्यात." टकटक.

सोसायटीच्या सेक्रेटरींना नोटिसा लावायची भारी हौस. दुसऱ्याच दिवशी फळ्यावर कागद आला: गच्ची सामाईक आहे, वैयक्तिक वस्तू आठ दिवसांत हलवावी. मावशींनी त्याखाली लिहिलं: ऊनही सामाईक आहे. आधी ते हलवावे.

सातव्या दिवशी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. दुरुस्तीला तीन दिवस लागणार, असं कळलं. दुसऱ्या सकाळपर्यंत घरोघरचे फोन माना टाकून पडले आणि अख्खी इमारत चार्जरच्या वायरी हातात घेऊन गच्चीच्या जिन्यात उभी राहिली.

मावशींच्या अंगात वारं शिरलं. "दारात उभे राहू नका, पुढे सरका! सीट सहाच आहेत, उभे प्रवासी घेणार नाही!" जुन्या कॅलेंडरच्या चिठ्ठ्या करून त्यांनी प्रत्येकाला नंबर दिला. एका फोनला चाळीस मिनिटं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी इस्त्री घेऊन आल्या, तेव्हा मावशींनी कपाळाला हात लावला. "हे लगेज आहे, वहिनी. खाली उतरवा."

तळमजल्यावरच्या आजोबांच्या कानाच्या मशीनला राखीव सीट मिळाली. तासाभराने आजोबा मशीन लावून रांगेजवळ बसले आणि थोड्या वेळाने मावशींकडे आले. "जरा बंद करून दे गं. माझ्याबद्दल काय काय बोलतात ही माणसं!"

सेक्रेटरी सगळ्यात शेवटी आले. फोन वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

"किती टक्के?"

"एक." त्यांनी खाली बघितलं. "मुलगी दवाखान्यात आहे, दूर. आज बाळंत होईल म्हणतात."

रांगेतल्या कोणीही तक्रार केली नाही. मावशींनी स्वतःचा फोन काढून त्यांचा लावला. तेवढ्यात चार्जरचा हिरवा दिवा लाल झाला. बॅटरी रिकामी झाली होती आणि पॅनलवर पाण्याच्या टाकीची सावली आली होती.

"गाडी बंद पडली!" मावशी ओरडल्या. "उतरा सगळे, ढकलावी लागणार!"

टाकीपलीकडे उन्हाचा एक पट्टा उरला होता. वायर जेमतेम तिथवर पोचत होती, पण पॅनल टेकवायला जागा नव्हती. एका बाजूने सेक्रेटरींनी धरलं, दुसऱ्या बाजूने जावयाने. दिवा हिरवा झाला. ऊन सरकेल तसे दोघे पाऊल पाऊल सरकत होते, सेक्रेटरींच्या डोक्यावर मावशींनी ओला रुमाल टाकला होता आणि ते पॅनल खाली ठेवायचं नाव काढत नव्हते.

तासाभराने फोन वाजला. सेक्रेटरींचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून मावशींनीच तो त्यांच्या कानाला लावला.

"नात झाली!" म्हणत सेक्रेटरींनी उडी मारली.

"अहो, उड्या मारू नका, सावली पडतेय!"

तिसऱ्या संध्याकाळी वीज आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मावशींनी मात्र नंबरांच्या चिठ्ठ्या गोळा केल्या. घरी येऊन खुर्चीत बसल्या आणि पोटऱ्या दाबत लेकीला म्हणाल्या, "बरं वाटलं गं. किती दिवसांनी पाय दुखले." लेक गरम पाणी घेऊन आली, तोवर त्या घोरायला लागल्या होत्या.

पुढच्या रविवारी फळ्यावर नवी नोटीस लागली: सदर वस्तू सर्वांच्या हिताची असून ती हलवल्यास कारवाई करण्यात येईल. जावयाने सुट्टी काढून टाकीवर पॅनलसाठी फिरता स्टँड बसवला. मावशींनी तो सगळीकडून हलवून बघितला, एक स्क्रू बोटाने चाचपला आणि म्हणाल्या, "बरा केलात."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सासूबाईंनी पहिल्यांदाच बरं म्हटलं होतं. जावई आठवडाभर भेटेल त्याला हेच सांगत होता.