काडतुसांना लावलेलं तेल

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला लोहा गावातलं आमचं भाड्याचं घर आठवतं. फौजेतून निवृत्त झालेले बाबा तिथल्या एका बँकेत पहारेकरी होते. दुनळी बंदूक त्यांची स्वतःची, परवान्याची. काडतुसं नळीत अडकू नयेत म्हणून ते फडक्यावर तेलाचा एकच थेंब घेऊन पितळी बुडं पुसायचे. "बोटाला लागलं पाहिजे, डोळ्याला दिसलं न्हाई पाहिजे," म्हणायचे. मी तेव्हा दहावीत होते. बँकेची तपासणी जवळ आली होती. बाबांनी शाबासकी द्यावी म्हणून एका दुपारी, ते झोपलेले असताना, मी सगळी काडतुसं तेलानं न्हाऊ घातली. तपासणीच्या दिवशी साहेबांनी बार काढून दाखवायला सांगितलं, तर दोन्ही नळ्यांतून नुसता खट्ट आवाज आला. तेल बुडाच्या टोपीत मुरून आतली दारू भिजली होती. "मामा, आता काठीच घ्या हातात," साहेब सगळ्यांदेखत हसले. घरी येऊन बाबांनी काडतूस हुंगलं आणि मला विचारलं, "हात लावला व्हता का गं तू?" मी म्हणाले, "न्हाई." "मग माझाच हात थरथरला असंल," ते म्हणाले. महिन्याभरात त्यांच्या जागी दुसरा माणूस आला. पुढं ते चहाचा कपही दोन्ही हातांनी धरायला लागले. शेवटच्या दुखण्यात, लातूरच्या दवाखान्यात, मी पाण्याचा पेला पुढं केला तर म्हणाले, "तूच पाज. माझ्या हाताचा भरवसा न्हाई." मी पाजलं. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही, आणि आता ऐकायला ते नाहीत.