सगळ्यांना दिसलेले पत्ते

गेल्या आठवड्यात सिल्वासातल्या आमच्या महिला मंडळाचा मेल आला आणि माझी सकाळ बिघडली.

मेल साधाच होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोण काय आणणार ते कळवा... हे काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं, दिवाळीनंतर ते वैशालीकडे गेलं. वैशाली शाळेत शिकवते, माझ्याहून लहान आणि बोलकी.

मी सगळ्यांचे पत्ते बीसीसीमध्ये टाकायचे, म्हणजे कुणाचा मेल आयडी कुणाला दिसायचा नाही. वैशालीने ते सरळ 'टू'मध्ये टाकले होते.

आणि तेच बायकांना आवडलं. दुपारपर्यंत उत्तरांवर उत्तरं, तीही सगळ्यांना... "शेवभाजी मी आणते, तिखट सोसेल तिनेच खावी." खेरडीला राहणाऱ्या एकीला तिच्याच माहेरच्या तालुक्यातली, मसाटच्या कंपनीत काम करणारी मैत्रीण सापडली. "वैशाली, मंडळात जीव आला गं," असंही कुणीतरी लिहिलं.

माझ्या मेलना कधी साधं 'ओके' आलं नव्हतं. जळले मी, दुसरा शब्द नाही... तिची चूक दिसत होती, तरी गप्प बसले. सांगितलं तर ते काळजीपोटी असेल की हेव्यापोटी, हेच मला ठरवता येईना.

संध्याकाळी एका सभासद मैत्रिणीचा फोन आला. सासर सोडून ती इथे एकटी राहते. तिकडच्या कुणाला कळू नये म्हणून तिने मेल आयडी नवा काढला होता, आणि मंडळात तिच्या जावेची मावसबहीण आहे.

"ताई, आता ते लोक परत लिहायला लागतील का हो मला?"

मग तीच म्हणाली, "तुमचा मेल यायचा तेव्हा वाटायचं, मला एकटीलाच आलाय. बरं वाटायचं."

लगेच वैशालीला फोन लावला. तिने एकही सबब सांगितली नाही. मैत्रिणीची माफी मागितली, त्या मावसबहिणीला स्वतः भेटून मेल काढून टाकायला लावला. पुढचा मेल बीसीसीमध्ये आला... इतकं सरळ वागता येणं, याचाही मला हेवा वाटला.

हे लिहिलेलं इथे टाकण्याआधी दोघींना वाचायला दिलं. मैत्रिणीने एक ओळ काढायला सांगितली, ती काढली. वैशाली म्हणाली, "त्या दिवशी फक्त तुमचंच उत्तर आलं नव्हतं ताई. मला कळलं होतं."

काल मैत्रिणीचा मेल आला, पुन्हा नव्याने काढलेल्या पत्त्यावरून, फक्त मला. 'तिळाच्या वड्या मी आणते.'

तो वैशालीला फॉरवर्ड केला नाही. फोन करून सांगितलं, वड्या येताहेत... पत्ता ज्याचा त्याने द्यायचा. आणि इतक्या वर्षांनी मला आलेलं ते उत्तर मी ठेवून घेतलं.