सुनंदावहिनीनं पोरीला रडू दिलं

चार दिवसांच्या तापात वहिनी गेली. भावाचा फोन आला आणि मी जळगाव जामोदहून मिळेल त्या एसटीनं सोनाळ्याला पोहोचले. माझी अकरा वर्षांची भाची गौरी आईच्या पायांशी हुंदके देत होती आणि माझा भाऊ तिला दटावत होता, "चूप राय. लोकं पाहून राह्यले." महिना होत आला, ते वाक्य डोक्यातून जात नाही... जी बाई लग्नापासून याच वाक्याशी भांडली, तिच्याच मढ्याशेजारी ते म्हणावं?

सुनंदावहिनी दहावी झालेली, शेतात राबणारी. गौरी दुसरीत असताना रोज शाळेच्या वेळेला ओकायची. माझी आई म्हणाली, नाटकं आहेत. भावानं हात उगारला. आणि मी, शिकलेली आत्या, फोनवर सांगितलं की दोन फटके दे, सरळ होईल. वहिनीनं आमचं कोणाचंच ऐकलं नाही. आठवडाभर कामावर न जाता ती पोरीला घेऊन शेंगा फोडत बसली, काही न विचारता. शेवटी पोर आपणहून बोलली. वर्गात तिची चड्डी ओली झाली होती, आणि बाईंनी तिला तशीच सगळ्यांसमोर उभी केली होती.

वहिनी शाळेत गेली. आवाज चढवला नाही म्हणे. पोरीला तुमची भीती वाटते, आता तुम्हीच तिच्याशी बोला, एवढंच म्हणाली. बाई बोलल्या, ओकाऱ्या थांबल्या. वहिनीला मात्र पोरीला डोक्यावर चढवल्याचा टोमणा शेवटपर्यंत ऐकावा लागला. एकदा तिनं मला विचारलं होतं, "ताई, तुमची पोरगी तुमच्यापाशी रडते का?" मी चिडले होते. कारण माझी लेक माझ्याशी जेवण आणि फी सोडून काही बोलत नाही... तो राग आता माझा मलाच येतो.

तेराव्याला बायका गौरीला सांगत होत्या, तू आता घरातली मोठी, रडायचं नाही. मी भावाला आत नेलं. "तिची माय मेली," म्हटलं, "तिले रडू दे. अन् तुले रडायचं असंल तर तूही रड." तो भिंतीला टेकून खाली बसला.

मागच्या रविवारी पुन्हा गेले. जेवणं झाल्यावर आईनं गौरीला भांड्यांना बसवलं. थोड्या वेळानं पोरीनं हात धुतले आणि साध्या आवाजात म्हणाली, "आजी, मले रडू येऊन राह्यलं. रडून झालं की घासतो."

ती आतल्या खोलीत गेली. दार तिनं उघडंच ठेवलं. आई काही बोलणार, तेवढ्यात भावानं तिच्याकडे पाहिलं आणि उरलेली भांडी स्वतःपुढे ओढली.