दाजींचा दुसरा बाप्तिस्मा

टाकीतून ओढून काढले तेव्हा दाजी शिजलेल्या कोळंबीसारखे लाल झाले होते आणि डोळे पांढरे. आक्का, माझी थोरली बहीण, पुढे झाली. तिने नवऱ्याच्या नाकाशी बोट धरलं.

देवापायी माणसांशी दाजींइतका भांडणारा माणूस अख्ख्या शारजात दुसरा नव्हता. भाजी घ्यायला गेले तरी विचारायचे, "तान्ह्या पोराला कसला आलाय पश्चात्ताप?" बाप्तिस्मा जाणत्या वयात आणि पूर्ण बुडवूनच घ्यायचा, हे त्यांचं मत. जुनी मंडळी, म्हणजे आमचं चर्च, तान्ह्यांवर पाणी शिंपडते (त्यांच्यावरही शिंपडलेलं, पण ते दाजी धरत नसत), म्हणून त्यांनी ती सोडली आणि बुडवणाऱ्यांत गेले. दोन्ही मंडळ्यांची उपासना एकाच आवारातल्या दोन हॉलमध्ये. शुक्रवारी नवराबायको एका टॅक्सीने जायचे, फाटकात वेगळे व्हायचे आणि परतताना अल मजाजमधलं घर येईपर्यंत भांडायचे. माझ्याकडे जेवायला आले तर दाजी माझ्या प्रार्थनेला 'आमेन' म्हणायचे नाहीत. स्वतःची वेगळी करायचे, तोवर आमटी गार.

भांडणाचं आक्काला काही नव्हतं. प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीत वाटून खायची भाकर एकटीने घ्यावी लागते, एवढंच तिला खुपायचं. त्यात दाजींनी सांगून टाकलं, "एकदा बुडालो की तुमच्या मेजाशी संबंध खलास."

बुडण्यासाठी ऑगस्टातला शुक्रवार ठरला. आवारात प्लास्टिकची मोठी टाकी मांडली. आदल्या संध्याकाळी आक्का म्हणाली, "पाणी आत्ताच भरून झाकून ठेवा. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून उकळतं पाणी येतं."

"शिंपडणाऱ्यांनी पाण्यावर बोलू नये!"

आखातात इतकी वर्षं काढून त्यांना हे ठाऊक नव्हतं. उन्हाळाभर त्यांच्या आंघोळीची बादली आक्काच आदल्या संध्याकाळी भरून ठेवायची.

टाकी शुक्रवारी दुपारीच नळ सोडून भरली. पाय घालताच दाजींना कळलं असणार. पण जुनी मंडळी दारात उभी राहून बघत होती. पाळकांनी पाण्यात हात घातला तो चटकन मागे घेतला. ते "थांबा" म्हणेपर्यंत दाजी आपले आपणच खाली गेले.

आक्काने जुन्या हॉलमधून गार पाण्याची बाटली आणली आणि त्यांच्या डोक्यावर, तोंडावर शिंपडली. दाजी शुद्धीवर आले.

"हे धरायचं नाही हं!"

"नका धरू. उठा."

पुढच्या प्रभुभोजनाला दाजी अंगभर मलम फासून आक्काच्या शेजारी येऊन बसले. भाकर घेतली.

"मत बदललं का, दाजी?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"मत तेच आहे, मेव्हणीबाई. पण पाण्याचं तुझ्या आक्काला जास्त कळतं."

आक्का पुढे साखरेच्या आजाराने गेली. दाजी आहेत. उन्हाळ्यात संध्याकाळीच बादली भरून ठेवतात, आपल्या हाताने.